'ओ पॉझिटिव्ह' आहे म्हणून पोरगी नको?

परभणीत लॅबमध्ये काम करते, १४ वर्षं झाली. रक्तगट तपासून झाल्यावर "परत एकदा बघा" असं सहसा कुणी म्हणत नाही. मंगळवारी एक मावशी म्हणाल्या. सोबत बी.एस्सी. झालेली लेक. "ताई, मागल्या बारीला चुकलं असंल. पाव्हणे म्हणायलेत, ओ गटाच्या पोरीला लेकरू व्हायला त्रास होतो म्हणं."

मी त्यांच्यासमोरच केलं. तीन थेंब, एकावर निळं सीरम, एकावर पिवळं, तिसऱ्यावर बिनरंगी. काडीनं ढवळलं. पहिले दोन तसेच एकसारखे लाल राहिले, तिसऱ्यात कणीदार तुपासारखा रवा धरला. ओ पॉझिटिव्हच. मावशींचा चेहरा असा पडला, जणू मी कॅन्सर सांगितला.

पाहुण्यांच्या व्हॉट्सॲपवर जे फिरतंय ते अगदीच हवेतलं नाही, हे आधी कबूल करते. २०१० साली अमेरिकेत डेन्व्हरला वंध्यत्वाच्या डॉक्टरांच्या परिषदेत एक अभ्यास मांडला गेला. ५६३ बायका. त्यात ओ गटवाल्यांचं एफएसएच नावाचं हार्मोन १० च्या वर असण्याची शक्यता दुपटीच्या आसपास दिसली. पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हे हार्मोन वाढलेलं सापडलं, की अंडाशयातला बीजांचा साठा कमी झाला असावा, असं डॉक्टर धरतात.

पण या सगळ्या बायका आधीच उपचाराला आलेल्या होत्या. रस्त्यावरून उचलून कुणाची तपासणी केलेली नव्हती. शिवाय मोजलं ते हार्मोन. कुणाला दिवस गेले आणि कुणाला नाही, हे नव्हे. पुढच्या काही अभ्यासांत तर हा संबंध दिसलाच नाही. आणि ओ गट आपल्याकडे काय दुर्मिळ आहे का? गल्लीत पाच घरं धुंडाळा, एक तरी ओवाली सापडेल, कडेवर लेकरू घेतलेली. बीजांच्या साठ्यावर खरा फरक पडतो तो वयाचा, पस्तिशीनंतर जास्तच.

आपल्याकडे हे खूळ नवीन नाही म्हणा. दोघांचा रक्तगट एकच असला की "एकनाड आहे, मूल होणार नाही" हे मी आठवड्याला एकदा तरी ऐकते. पत्रिकेतली नाडी आणि स्लाइडवरचा गट यांचा काडीचाही संबंध नाही. माझा आणि यांचा दोघांचाही बी पॉझिटिव्ह. दोन लेकरं आहेत, दोन्ही वात्रट.

रक्तगटात बघायचंच असेल तर निगेटिव्ह-पॉझिटिव्ह बघा. बाई निगेटिव्ह आणि नवरा पॉझिटिव्ह असेल तर बाळ पॉझिटिव्ह असू शकतं, आणि आईच्या अंगात बाळाच्या रक्ताविरुद्ध प्रतिपिंडं तयार होऊ शकतात. पहिलं बाळ बहुधा निभावतं, पुढच्याला धोका. त्यासाठी अँटी-डी इंजेक्शन आहे: सातव्या महिन्याच्या सुमाराला एक, आणि बाळ पॉझिटिव्ह निघालं तर बाळंतपणानंतर ७२ तासांत दुसरं. गर्भपात झाला तरी डॉक्टरला विचारून घ्यायचं. पण हेही लग्न मोडायचं कारण नाही, डॉक्टरला आधी सांगायचं कारण आहे.

मला राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. मूल होत नाही म्हणून आलेल्या बाईची फाईल दोन बोटं जाड असते: थायरॉईड, एएमएच (बीजांच्या साठ्याची रक्ततपासणी), सोनोग्राफी, नळ्यांचा एक्स-रे, टीबीची तपासणी. नवऱ्याचा रिपोर्ट विचारला की सासू म्हणते, "त्याला काय झालंय?" साधी वीर्यतपासणी, सुई नाही की भूल नाही. अडचण निम्म्या जोडप्यांत पुरुषाच्या बाजूनंही असते, तरी ती डबी घेऊन जायला माणूस तयार नसतो. आला तरी टोपी डोळ्यांवर ओढून.

मावशी काल परत आल्या, पैसे द्यायचे राहिले होते. जाता जाता मोबाइलवर त्या पोराचा बायोडाटा दाखवला. उंची, पगार, आठ एकर बागायत, मामाचं गाव, सगळं होतं. मी वर-खाली करून दोनदा बघितलं. रक्तगट लिहिलेलाच नव्हता.

"विचारला का?" म्हटलं.

"असं कसं इचारावं माय, पोरीकडचे आम्ही," म्हणाल्या.