व्हिजिट आली की नुसती रजिस्टरं रंगवा

"उद्या मॅडम येणारेत" असा ग्रुपवर मेसेज पडला की आमच्या अंगणवाडीत पोरांकडे बघणं बंद आणि रजिस्टरं भरणं सुरू. अहो 1975 पासून चाललेली योजना आहे ही, पण तपासणी कशाची तर वह्यांची आणि मोबाईलवरच्या पोषण ट्रॅकर ॲपची, हजेरी टाकली का, फोटो टाकला का, आणि रेंज नसली तरी बोलणी सेविकेनेच खायची. 2021 ला राज्यभरातल्या सेविकांनी सरकारने कामासाठी दिलेले ते निकृष्ट मोबाईल परत केले, उगाच नाही केले. वजनकाटा बिघडलाय हे दर मीटिंगला सांगते, "वर कळवलंय" एवढंच ऐकायला मिळतं. मग शेजारच्या वाडीतून काटा मागून आणायचा, आणि त्यावर एखादं पोरगं मागच्या महिन्यापेक्षा कमी भरलं तर मॅडम विचारतात आकडा असा कसा आला, पोरगं आजारी होतं का हे विचारतच नाहीत! छत गळतं तो कोपरा दाखवला तर त्यावर सतरंजी सरकवून फोटो काढला. करा ना तपासणी, दर आठवड्याला करा, पण पोरगं कुपोषित आहे का ते दंडाला टेप लावून बघा, खिचडी चाखून बघा, संडासात पाणी येतं का बघा, सही ठोकून लगेच गाडीत कसल्या बसता!