काळं अंडं म्हणजे किलोनिस नव्हे

काटोल-सावनेरपासून उमरेडपर्यंत कापूसवाल्यांच्या व्हॉट्सअॅप गटांवर एक मेसेज फिरतोय: ‘ट्रायकोकार्डावरची अंडी काळी पडली, आतून पिवळी, लाल डोळ्यांची माशी निघाली, की ट्रायकोग्रामा किलोनिस पक्की. मोबाईलला भिंग लावा, प्रयोगशाळा कशाला?’

ट्रायकोकार्ड म्हणजे पतंगाची अंडी चिकटवलेला कागद. त्या अंड्यांत ट्रायकोग्रामा ही इवली परोपजीवी माशी वाढते आणि शेतात सोडल्यावर बोंडअळ्यांची अंडी संपवते. किलोनिस, जापोनिकम या तिच्या जाती. अंडी काळी पडली म्हणजे आत परोपजीवी वाढतोय, एवढंच. तांदळाच्या पतंगाच्या (कॉर्सायरा) अंड्यांना तिसऱ्या-चौथ्या दिवशी हा रंग येतो. आत ट्रायकोग्रामाची कुठलीही जात असो किंवा भावकीतली ट्रायकोग्रामाटॉयडिया असो, काळेपणा तोच. लाल डोळ्यांचं काय, ते जापोनिकमलाही असतात.

पिवळ्या रंगात मात्र अर्धं सत्य आहे. किलोनिस फिकट आणि जापोनिकम गडद असते खरी, पण थंडीत वाढलेली पिढी जास्त काळपट निघते. म्हणजे नागपुरात ऑक्टोबरचा आणि जानेवारीचा माल शेजारी ठेवला, तर एकच जात दोन वाटू शकते. आकाराचंही तसंच, लहान अंड्यातून लहान माशी. ट्रायकोग्रामा सेम्ब्लिडिसची तर कमाल आहे: पतंगाच्या अंड्यातून निघालेल्या नराला पंख असतात, सायलिस या पाणकिड्याच्या अंड्यातून निघालेल्याला नसतात!

भिंगातून हाती लागते ती फार तर प्रजाती, म्हणजे जवळच्या जातींचा गट, तीही मोबाईलच्या नव्हे, सूक्ष्मदर्शकाच्या. कीटक जेमतेम अर्धा मिलिमीटरचा. पायाच्या टोकाला तीनच सांधे दिसले की कुळ ठरलं. मग नराची शृंगिका (डोक्यावरची मिशी) बघायची. ट्रायकोग्रामात तिचं टोक एकसंध, लांब केसांचं. ट्रायकोग्रामाटॉयडियात तेच वेगवेगळ्या खंडांचं. गुलाबी बोंडअळीसाठी बॅक्ट्री ही जात मागवली असेल, तर हा फरक आधी तपासा. बॅक्ट्री ट्रायकोग्रामाटॉयडियातली आहे, आणि कार्डावर दोन्ही सारख्याच दिसतात.

जात ठरते नराच्या जननेंद्रियावरून. हे दाखवून दिलं कीटकशास्त्रज्ञ सुधा नागरकट्टी आणि एच. नागराजा यांनी, 1968 ते 1971 च्या कामात. भारतात वर्षानुवर्षं ‘ऑस्ट्रेलिकम’ म्हणून सोडली जाणारी माशी पुढे किलोनिस ठरली. जाणकारांची ही गत, तिथे मोबाईल काय करणार?

तयारी अशी: नर 70 ते 80 टक्के अल्कोहोलमध्ये मारायचे, काचपट्टीवर होयर्स माध्यमाचा (नमुना बसवायच्या चिकट द्रवाचा) बारीक थेंब घ्यायचा, नर पाठ वर करून ठेवायचा, आच्छादन काच हळूच टेकवायची. 40 ते 45 अंशांवर काही दिवस वाळवायचं, मग 400 पट मोठं करून बघायचं. काच दाबली की जननेंद्रिय तिरकं होतं आणि नेमका हवा तो भाग झाकला जातो. होयर्स हवेतला ओलावा ओढतं. पावसाळ्यात कडेला नेलपॉलिश फिरवली नाही तर पट्टी सैल होते.

कार्डातून फक्त माद्याच निघाल्या तर? एकाच जातीच्या काही वंशांत वोल्बाकिया नावाचा जीवाणू असतो. तिथे अफलित अंड्यांतूनही माद्याच जन्मतात. नर नाही म्हणजे जननेंद्रियाची खूणही नाही. मग डीएनएचा आयटीएस-2 हा जातीगणिक वेगळा असणारा भाग वाचून घ्यावा लागतो. म्हणून तपासणीला पाठवताना एका कुपीत काही नमुने 95 टक्क्यांच्या पुढच्या अल्कोहोलमध्ये वेगळे ठेवा, आणि कुपीतल्या कागदी चिठ्ठीवर कोणत्या अंड्यावर वाढवले, किती तापमानाला, कोणत्या तारखेला, ते पेन्सिलने लिहा. शाई अल्कोहोलमध्ये उडते.