करपलेल्या कॅलेथियाबद्दलच्या तक्रारीला उत्तर

नमस्कार. आमच्याकडून नेलेल्या कॅलेथिया या शोभेच्या रोपाच्या पानांच्या कडा करपल्या, रोज न चुकता पाणी घालूनही पानं गुंडाळली, रात्री ती उभी राहतात, म्हणजे नर्सरीनं रोगट रोप दिलं, असं तुम्ही लिहिलंय. हौसेनं आणलेल्या रोपाचं असं झालं की जिवाला लागतं. पण रोप रोगट होतं हे मला मान्य नाही, आणि ते अजून हातचं गेलेलं नाही.

तुमचा फोटो मोठा करून पाहिला. मातीवर हिरवट शेवाळ आलंय, ताटलीत पाणी साचलंय आणि कुंडी एसीच्या झोतात आहे. माती सतत ओली राहिली की मुळांना हवा मिळत नाही, ती कुजतात. कुजलेल्या मुळांना पाणी ओढता येत नाही, म्हणून ओल्या मातीतही रोप तहानलेलं राहतं आणि पानं गुंडाळतं. ते बघून आपण आणखी पाणी घालतो. खूप कॅलेथिया याच पायी जातात.

रात्री पानं उभी राहणं हा रोग नाही. देठ पानाला मिळतो तिथं छोटी फुगीर गाठ दिसेल. तिच्यातल्या पेशींमधलं पाणी कमीजास्त होतं, तसं पान रात्री उभं राहतं आणि सकाळी पसरतं. तुमच्या रोपात हे अजून होतंय, म्हणूनच मला आशा आहे.

आजच ताटली रिकामी करा. रोप अलगद काढून मुळं बघा. तपकिरी, मऊ, बोटांत धरल्यावर साल सुटून येणारी मुळं स्वच्छ कात्रीनं कापा. पांढरट, टणक मुळं आणि त्यांच्यावरच्या घट्ट गाठी मात्र राहू द्या. त्या गाठींत रोप पाणी साठवतं. भुसभुशीत नव्या मातीत, भोकं असलेल्या कुंडीत लावा. पुढं बोटाच्या पेरभर माती सुकली तरच पाणी. कुंडी एसीपासून दूर, भरपूर उजेडात पण थेट उन्हात नको. फवाऱ्यावर भिस्त ठेवू नका, तो ओलावा काही मिनिटांत उडतो. पाण्यातले क्षार पानांच्या कडेला साचतात. नळाचं पाणी रात्रभर उघडं ठेवलं तरी ते जात नाहीत, त्यापेक्षा पावसाचं किंवा आरओचं पाणी घाला.

करपलेल्या कडा पुन्हा हिरव्या होणार नाहीत, नवं पान कसं उलगडतंय ते बघा. मुळांना हात लावायचा धीर होत नसेल तर कुंडीसकट घेऊन या. तुमच्यासमोर काढून दाखवतो, माती बदलायचे पैसे घेणार नाही.