दोन ते चार

मे महिन्यात सांगलीत दुपारी दोन ते चार रस्त्यावर चिटपाखरूही नसतं, असं जो सांगतो त्याच्या घरात तान्हं मूल नसतं, हे मी छातीठोकपणे सांगते. आमच्या गावभागातल्या बोळात नेमकं याच वेळात सगळं जग येऊन जातं. आधी भंगारवाला. पूर्वी तो स्वतः ओरडायचा, घसा बसला की गप्प तरी व्हायचा. आता गाड्यावर कर्णा बसवलाय, आणि कर्ण्याचा घसा बसत नाही. तो कोपऱ्यावर वळतो न वळतो तोच गारेगारवाल्याची घंटा. मग मिक्सर-शेगडी दुरुस्तीवाला. आणि सगळ्यात शेवटी, पोरगी पेंगून पापण्या मिटत असते त्या क्षणी, खिडकीखाली त्या बाईची लांबलचक हाक, ‘ए केसांऽऽवर भांडीऽऽ’. बाळंतपणानंतर माझे जेवढे केस गळलेत तेवढ्यात एक पातेलं नक्की आलं असतं. पण खाली उतरायचं म्हणजे मांडीवरची पोरगी खाली ठेवायची, आणि तेवढं धाडस माझ्यात नाही.

पोरगी आठ महिन्यांची. तिला चिमी म्हणतात. थोरला चार वर्षांचा. ती झाल्यापासून सगळे त्याला दादू म्हणायला लागले आणि तेव्हापासून तो घरातल्या सगळ्यांना हुकूम सोडतो. एप्रिल संपता संपता बालवाडीला सुट्टी लागली. जाताना बाईंनी एक कागद हातात ठेवला : सुट्टीत मुलांना नवनवे अनुभव द्या, मातीत खेळू द्या, घरकामात सहभागी करून घ्या. खाली पालकाच्या सहीसाठी जागा होती. मीही सही करून दिली.

आमच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात भिंतीवर झोपेचा तक्ता आहे. चार महिने ते एक वर्ष, दिवसाकाठी 12 ते 16 तास. तीन ते पाच वर्षं, 10 ते 13 तास. नंबर यायची वाट बघत मी तो इतक्या वेळा वाचलाय की पाठ झालाय. घरी येऊन हिशेब केला, तर दोघांचेही तास चोख भरतात. भानगड एवढीच की एकाचे संपले की दुसऱ्याचे सुरू होतात. दोघांनी आपसात साखर कारखान्यासारख्या पाळ्या लावून घेतल्यात, आणि तिन्ही पाळ्यांना कामगार एकच. तक्त्यात आईच्या रकान्यासाठी जागा सोडलेली नाही.

म्हणून या महिन्यात माझी एकच महत्त्वाकांक्षा होती. दुपारी दोघांनी एका वेळी झोपायचं. लोक मे महिन्यात काश्मीरला जातात, मी काही मागत नव्हते. फक्त तासभर, दोघं, एकदम.

चिमीला झोपवणं तसं अवघड नाही. माजघराच्या तुळईला आईंच्या, म्हणजे माझ्या सासूबाईंच्या, जुन्या नऊवारीची झोळी बांधलीय. दोरी पायाच्या अंगठ्यात अडकवायची, हात मोकळे राहतात, शेंगा सोलून होतात. अवघड आहे ते तिला झोपलेली ठेवणं, कारण दादूला ती खरंच झोपलीय का याची खात्री करून घ्यायची असते. आधी तो तिच्या कानाशी जाऊन विचारतो, ‘चिमे, झोपलीस का?’ उत्तर आलं नाही की झोळीत डोकं घालतो, एका बोटानं तिची पापणी हळूच वर करतो, आत बघतो, आणि मला येऊन सांगतो, ‘आई, वरून झोपलीय. पण आत डोळा आहे.’

त्याला स्वतःला झोपवायला गोष्ट लागते. गोष्टीत वाघ लागतो, पण वाघानं कुणाला खायचं नाही, आणि वाघ भुकेलाही राहता कामा नये. मग मी वाघाला पिठलं-भाकरी घालते. वाघ जेवतो, हात धुतो, बडीशेप खातो आणि आडवा होतो. तेवढ्यात माझा डोळा लागतो आणि दादू मला हलवून विचारतो, ‘मग वाघीण कुठं जेवली?’

यात वीज जाते. मे महिन्यात वीज जाण्याला कारण लागत नाही. कधी देखभाल, कधी दुरुस्ती, कधी नुसतंच. बाहेर पारा चाळिशीला टेकलेला, पंखा थांबताना शेवटची कुरकुर करतो, आणि त्या शांततेनं चिमी जागी होते. कर्ण्यानं उठत नाही एखाद्या वेळी, पण पंखा बंद झालेला तिला झोपेतही कळतो. मग हाताला लागेल त्यानं वारा घालायचा. लग्नसराईचा एक फायदा मला यंदा समजला : हल्लीच्या पत्रिका चांगल्या जाड पुठ्ठ्याच्या असतात. एका पत्रिकेवर गणपती उठावाचा होता, मुठीत अगदी घट्ट बसायचा. त्या लग्नाला आम्ही गेलो नाही, पण ती पत्रिका आमच्या घरी फार चालली.

पत्रिका द्यायला येणारेही दोन ते चारच येतात. त्यांचं म्हणणं बरोबरच आहे, त्या वेळी माणसं घरी सापडतात. ‘बसत नाही हं, अजून पंधरा घरं करायचीत’ असं म्हणत येतात, पाणी पितात, पन्हं पितात, आणि मग झोळीकडं नजर जाते. ‘अगंबाई, बाळ का? बघू बघू! झोपलंय होय? असू दे, असू दे, नुसतं बघते.’ नुसतं बघून आजवर कुणी थांबलेलं मला माहीत नाही. गालाला हात लावतात. त्या हाताच्या बोटाला हळदीकुंकू असतं. चिमी डोळे उघडते, अनोळखी तोंड बघते, आणि पत्रिका देणारीला पुढची पंधरा घरं आठवतात.

घामोळ्यांवर तर सगळ्या गल्लीचा अभ्यास आहे. कुणी चंदन सांगितलं, कुणी मुलतानी माती, शेजारच्या काकू म्हणाल्या, ‘काय की बाई, आमच्या वेळी नुसती पावडर फासायचो, पोरं पांढरीधोट दिसायची.’ डॉक्टरांनी पावडरच बंद करायला सांगितली होती : सुती झबलं, गार पाण्यानं अंग पुसणं आणि मोकळी हवा. मोकळी हवा कुठून आणायची हे त्यांनी लिहून दिलं नाही. आईंनी दोघांचाही मान राखला. माझ्यासमोर सुती झबलं घालायच्या आणि मी स्वयंपाकघरात गेले की झबल्याच्या आतून पावडर.

आता कुरडया. बाईंच्या कागदात घरकामात सहभाग असं लिहिलं होतं ना, तो दिवस सांगते.

कुरडया करायच्या म्हणजे गहू तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं. चौथ्या दिवशी वाटून, पिळून चीक काढायचा, तो रात्रभर निवळू द्यायचा, पहाटे वरचं पाणी ओतून टाकायचं आणि खालचा घट्ट चीक आधणात सोडून हाटायचा. हाटताना हात थांबला की गुठळी. त्यामुळं आईंनी सांगून ठेवलं होतं की पहाटे चारला उठायचं. मला हसू आलं. चारला मी उठलेलीच असते. रात्रपाळी संपवून चिमी झोपायची आणि दादू उठायचा यामधली ती वेळ.

गच्चीवर प्लॅस्टिक अंथरलं, चारी कोपऱ्यांवर विटा ठेवल्या. आई हाटत होत्या, काकू सोऱ्या दाबत होत्या, मी चिमीला पाठुंगळी बांधून पातेली वर-खाली करत होते. गरम चीक सोऱ्यात भरून दाबायचा म्हणजे खांद्यातून जोर लागतो; काकू दर कुरडईला ‘आई गंऽऽ’ म्हणायच्या आणि चिमी पाठीवरून खिदळायची. दादूला वाटीत चीक, दूध, साखर घालून जिन्यात बसवला होता. सूर्य वर यायच्या आत गच्चीभर पांढरी शुभ्र वेटोळी पडली. बघून डोळे निवले.

मग आईंनी दादूच्या हातात काठी दिली. कावळे-कबुतरं हाकलायचं काम. त्यानं ते मनापासून केलं. एक कबुतर पलीकडच्या टोकाला उतरलं, त्याच्यामागं हा सरळ रेषेत धावत गेला. सरळ रेषेत, म्हणजे कुरडयांवरून. गार होऊन घट्ट झालेल्या होत्या म्हणून पायाला काही झालं नाही, पण एका ओळीत टाच आणि पाच बोटं इतकी सुबक उठली की बारशाच्या दिवशी घेतलेले ठसे एवढे चांगले आले नव्हते. काकूंनी तोंडाला पदर लावला. आई जवळ गेल्या, वाकून बघितलं आणि म्हणाल्या, ‘राहू दे. तळल्यावर फुलतील, कळायचं नाही.’ त्या कुरडया वेगळ्या डब्यात ठेवल्यात. कुणासाठी, ते मी विचारलेलं नाही. माझ्या माहेरची माणसं पुढच्या महिन्यात येणार आहेत.

दुपारपर्यंत राखणदारानं कावळ्यांपेक्षा जास्त कुरडया खाल्ल्या होत्या. अर्धवट वाळलेली कुरडई म्हणजे काय चीज असते हे ज्यानं खाल्लीय त्यालाच माहीत, त्यामुळं मी काही बोलले नाही. मीही चारेक खाल्ल्या.

या सगळ्यात नवरा कुठं होता, असं वाचणाऱ्या बायका विचारणारच. तो मार्केट यार्डात एका अडत दुकानात हिशेब बघतो आणि हळदीचे सौदे उन्हाळ्यात जोरात असतात. सांगलीच्या हळदीला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. नवऱ्याच्या शर्टांना ते त्याच्या आधीपासून आहे. रात्री येतो, पिवळ्या हातांनी चिमीला घेतो, आणि सकाळी मी पांढरं झबलं भिजत घालते. रविवारी तो घरी असतो. रविवारी दुपारी आमच्या घरात एक माणूस हमखास गाढ झोपलेला असतो, तो हा. कर्णा, घंटा, केसांवर भांडी, कशानंही त्याची कूस बदलत नाही. मूल व्हायच्या आधी हा गुण मी त्याचा स्वभाव शांत आहे म्हणून मोजला होता.

खरा उपयोग झाला तो अण्णांचा, माझ्या सासऱ्यांचा. संध्याकाळी ऊन उतरलं की ते दोघांना घेऊन कृष्णाकाठी जायचे, चिमी कडेवर, दादूचं बोट धरलेलं. आयर्विन पूल दिसला की अण्णांना पूर आठवतो. गावभागात राहणाऱ्याला तो आठवतोच. आमच्याही भिंतींवर त्याच्या रेघा आहेत. पूल 1929 चा, 40 फुटांना इशारा, 45 ला धोका, 2005 ला पाणी 53 च्या वर गेलं, 2019 ला 57 च्या वर, 2021 ला परत आलंच. प्रत्येक आकड्याला कुठल्या घराच्या कितव्या पायरीला पाणी लागलं हेही सांगतात. नदी त्या वेळी तळाशी गेलेली असते, दगड उघडे पडलेले असतात, आणि अण्णा हात डोक्याच्या वर नेऊन पाणी दाखवत असतात. दादू तोंड उघडं टाकून ऐकतो. चिमी मात्र 2005 पर्यंत पेंगते आणि 2019 ला झोपते.

हे लक्षात आल्यावर मी अण्णांना दुपारीच पकडलं. मे संपत आला होता, आभाळ भरून आलं होतं, वळीव येणार येणार म्हणून हवा कोंदली होती आणि वीज गेलेली. म्हटलं, ‘अण्णा, जरा पूर सांगता का?’ ते खूष झाले. सून असं आपण होऊन विचारेल असं त्यांना वाटलं नसावं. आईंनी तर कधीच विचारलं नव्हतं. झोळीची दोरी धरून त्यांनी इशारा पातळीपासून सुरुवात केली. चिमी 45 फुटांवर गेली. दादू चटईवर पालथा पडून ऐकत होता, ‘मग बोट आली का? मग म्हैस कुठं गेली?’ म्हैस शाळेच्या वरच्या मजल्यावर चढवली, तिथं तोही गेला. अण्णांचाही स्वतःचा आवाज खाली खाली येत गेला आणि 2019 चं पाणी ओसरायच्या आत ते भिंतीला टेकून घोरायला लागले. भंगारवाला येऊन गेला. कुणी हललं नाही.

मी श्वास रोखून उठले, पावलं न वाजवता पलीकडच्या खोलीत आले, फरशीवर नुसती आडवी झाले. फरशी गार होती. डोळे मिटले.

‘अगं,’ आई दारातून कुजबुजल्या, ‘झोपलीत ना दोघंही? चल मग तेवढ्यात लोणच्याच्या कैऱ्या फोडून घेऊ.’

मी डोळे न उघडताच म्हटलं, ‘आई, अडकित्त्याचा आवाज होईल.’

‘मग विळीवर चिरू की,’ त्या म्हणाल्या. ‘फार नाहीत. दहाच किलो आहेत.’