शंभर कोटी आणि डावा कान

माझ्या डाव्या कानाच्या वर दोन बोटं रुंदीचा एक भादरलेला पट्टा आहे. तो अजून पुरता भरलेला नाही. याला जबाबदार केलन डिबोर नावाचे गृहस्थ. ते मला ओळखत नाहीत, मीही त्यांना फक्त टीव्हीवर पाहिलेलं. आता ते अलाबामात असतात, म्हणजे भांडायलाही विमानानं जावं लागणार.

पासपोर्टच्या नूतनीकरणासाठी फोटो हवा होता म्हणून केस कापायला गेलो, एवढंच. दिवस शुक्रवार, १२ जानेवारी २०२४. सिएटलमध्ये पारा शून्याच्या बराच खाली. सोबत सासरे, म्हणजे नाना. सांगलीकडून लेकीला भेटायला आलेत. जिल्हा परिषदेच्या आस्थापना शाखेत उभी हयात गेली, आणि त्या हयातीत त्यांनी दुसऱ्यांच्या बदल्यांच्या ऑर्डरी काढल्या. घरात बसून बसून कंटाळलो म्हणाले, मंकीकॅप चढवली आणि गाडीत येऊन बसले.

सलूनवाला साठीचा, डोक्यावर जांभळी टोपी, टोपीवर सोनेरी डब्ल्यू. त्याच्याकडे वडिलांच्या वेळेपासून सीझन तिकीट आहे हे मला पहिल्या दहा मिनिटांत कळलं. मी विचारलं नव्हतं.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. आमच्या इथल्या युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनची टीम, हस्की (कोच तेच डिबोर), चौदाच्या चौदा सामने जिंकून ८ जानेवारीला ह्यूस्टनला कॉलेज फुटबॉलची, म्हणजे अमेरिकन फुटबॉलची, फायनल खेळायला गेली. १९९१ नंतर पहिल्यांदा राष्ट्रीय जेतेपद दिसत होतं. तिसरा क्वार्टर संपला तेव्हा २०-१३ होतं, म्हणजे आशेला जागा होती. शेवटी मिशिगननं ३४-१३ नं वाजवलं. हा झाला सोमवार. बुधवारी अलाबामा युनिव्हर्सिटीचे कोच निक सेबन निवृत्त झाले. सतरा वर्षं तिथं, सहा जेतेपदं. कॉलेज फुटबॉलमधली सर्वांत मोठी खुर्ची रिकामी. गुरुवारी ओरेगनच्या कोचनं व्हिडिओ काढून जाहीर केलं की मी कुठंही जात नाही. ओरेगन म्हणजे हस्कींचा सख्खा वैरी. आता वैऱ्याचा कोच राहिला म्हटल्यावर अलाबामाची नजर आमच्या कोचवर वळणार, म्हणून शुक्रवारी सकाळपासून सगळ्या सिएटलच्या पोटात गोळा.

आणि मी त्या गोळ्याच्या समोर, खुर्चीत.

बाजूला मशीन, वर कात्री, असं मी सांगितलं. उजवी बाजू चार नंबरनं सुरेख झाली. डाव्या बाजूला येताना त्यानं मशीनचा नंबर, म्हणजे पुढची कंगव्यासारखी पट्टी, काढला, ब्रशनं केस झटकले, तेवढ्यात आरशाखाली ठेवलेला फोन थरथरला. त्यानं चष्मा कपाळावरून खाली घेतला, वाचलं, आणि नंबर न लावताच मशीन माझ्या कानावर टेकवलं.

“गेला,” तो म्हणाला.

मला वाटलं, घरातलं कुणी गेलं. इकडच्या रिवाजाप्रमाणे मी “आय ॲम सॉरी” म्हणालो. त्यानं डोळे मिटून मान डोलावली, आणि मशीन तसंच वर गेलं. मांडीवर पडलेला पुंजका केवढा होता ते बघूनच मला कळलं की गेलेल्यात माझंही काही आहे.

मागच्या बाकावरून नाना म्हणाले, “काय झालं हो जावईबापू?”

“त्यांचा कोच अलाबामाला गेला.”

“बदली की राजीनामा?”

मी कान चाचपत होतो. पण सलूनवाल्याला वाटलं असावं, या वडीलधाऱ्या माणसानं सांत्वनाचं काहीतरी विचारलं. तो नानांकडे वळला. आणि इथून पुढं, मी सांगतो, त्या खोलीत माझं डोकं कुणाच्याही लेखी उरलं नाही.

नाना उठले, मंकीकॅप काढली आणि आपल्या सरकारी इंग्रजीत विचारते झाले, “हू इज होल्डिंग चार्ज?”

“नोबडी,” सलूनवाला म्हणाला.

“नोबडी? विदाउट हँडिंग ओव्हर चार्ज, ही इज रिलीव्ह्ड?”

“आज दुपारी मुलांना बोलावून सांगितलं म्हणे. झालं.”

नानांचा चेहरा बघण्यासारखा होता. त्यांच्या शाखेत कपाटाच्या किल्ल्यांची यादी सहीनिशी दिल्याशिवाय शिपाईसुद्धा कार्यमुक्त होत नसे. इथं सव्वाशे पोरांचा मुख्य माणूस सोमवारी फायनल हरतो, शुक्रवारी निघून जातो, आणि कार्यभार कुणाकडेच नाही! “अतिरिक्त कार्यभार तरी कुणाकडं तरी द्यायचा,” असं ते मराठीत माझ्याकडे बघून म्हणाले, जणू मी तिथला सीईओ. मी म्हटलं, नाना, माझ्या कानावर बघा काय झालंय. नानांनी बघितलं. “वाढतील,” म्हणाले.

सलूनवाल्याला वाटलं की नानांनी त्याच्याच बाजूनं काहीतरी म्हटलं. मशीन बंद करून तो टेबलाला टेकला. दोन वर्षांत पंचवीस जिंकले, फक्त तीन हरले. असा माणूस! यावर नानांचा पुढचा प्रश्न अपेक्षित होता: पगार किती? इथं वर्षाला बेचाळीस लाख डॉलर. तिथं त्याच्या दुपटीहून जास्त. नानांनी मनात त्र्याऐंशीनं गुणलं, ओठ हलताना दिसले. मग सलूनवाला म्हणाला, करार मोडला म्हणून अलाबामाकडून एक कोटी वीस लाख डॉलर येणार.

“शंभर कोटी!” नाना मराठीतच ओरडले. शेजारच्या खुर्चीतल्या बाईंच्या डोक्याला रंग लावलेला होता, त्यांनी फॉइलसकट मान वळवली.

आता हे समजून घ्यायला हवं की नाना त्या आठवड्यात आधीच तापलेले होते. ज्या बुधवारी सेबन निवृत्त झाले, त्याच १० जानेवारीला मुंबईत विधानसभा अध्यक्षांनी शिवसेनेचा निकाल दिला होता. खरा पक्ष शिंदे गटाचा, आणि अपात्र मात्र कुणीच नाही, ना इकडचे ना तिकडचे. नाना दोन रात्री जागून मराठी चॅनेल बघत होते. घरात ऐकून घ्यायला मी एकटा, आणि मला ऑफिसच्या मीटिंगा. एवढं सगळं साठलेलं, आणि समोर मिळाला जिव्हारी लागलेला हस्की.

“आमच्याकडं,” नाना सांगू लागले, “विरोधक पन्नास कोटींची घोषणा देत होते. पन्नास खोके. तुमचे शंभर.” खोके म्हणजे काय ते मला सांगावं लागलं. अंगावर ती काळी झूल पांघरून पोळ्याच्या बैलासारखा बसलेला मी, अर्धं डोकं राहिलेलं, दुभाष्याचं काम करत होतो.

“पण पैसे कोचला नाही मिळत,” सलूनवाल्यानं खुलासा केला. “आमच्या युनिव्हर्सिटीला मिळतात. ज्याला सोडून गेला, त्याला.”

नाना थांबले. त्यांनी मला तीनदा विचारून खात्री केली. मग सावकाश खुर्चीत बसले.

“म्हणजे पळून जाणाऱ्यानं, किंवा पळवणाऱ्यानं, जुन्या पक्षाला भरपाई द्यायची?”

“हो.”

“करारात आधीच लिहिलेली?”

“हो.”

“जावईबापू,” नाना म्हणाले, “ह्याला म्हणतात लोकशाही.”

हे मी भाषांतर करून सांगितल्यावर सलूनवाला बराच वेळ नानांकडे बघत राहिला. दिवसभरात त्याला पहिल्यांदाच कुणीतरी सांगितलं होतं की तो नशीबवान आहे. त्यानं नानांना कॉफी दिली. मला विचारलंसुद्धा नाही.

मग पोरांचा विषय निघाला. तेव्हा मुख्य कोच सोडून गेला की खेळाडूंना तीस दिवसांची मुभा असे. कॉलेज बदलायच्या पोर्टलवर नाव टाकायचं आणि हव्या त्या कॉलेजात जायचं. नानांनी विचारलं, दोन तृतीयांश लागत नाहीत? एकटाही जाऊ शकतो? व्हिप नाही? सलूनवाल्याला पक्षांतरबंदीचं दहावं परिशिष्ट समजावून सांगताना माझी कंबर अवघडली. नानांचं मत पडलं की मुभा ठीक आहे, पण तिथंही भरपाई हवी, नाहीतर पोरांचे लाड होतात. सलूनवाला म्हणाला, हेच मी चार वर्षं सांगतोय.

माझा राग नक्की कशाचा होता हे मला घरी येताना उमगलं. दोन महिन्यांपूर्वी, १९ नोव्हेंबरला, आपणही क्रिकेट वर्ल्ड कपची फायनल हरलो. अहमदाबादला, ऑस्ट्रेलियाकडून, सहा गड्यांनी. तीही दहाच्या दहा सामने जिंकून आल्यावर. इथल्या घड्याळाप्रमाणे मी मध्यरात्रीपासून सकाळपर्यंत जागा होतो. सोमवारी ऑफिसात कुणी विचारलं नाही, डोळे का सुजलेत म्हणून. एकानं विचारलं ते ॲलर्जीचं. मी त्या दिवशी कुणाचा सर्व्हर पाडला का? कुणाच्या डेटाबेसमधून दोन बोटं रुंदीचा पट्टा उडवला? गुपचूप काम केलं. यांचा सामना गेला की मात्र सगळ्या शहरानं हळू बोलायचं, गिऱ्हाइकानं कान द्यायचा. अक्षरशः.

नानांना मी गाडीत हे सांगितलं, तर ते म्हणाले, “आपला द्रविड हरूनसुद्धा राहिला बघा. मुदतवाढ दिली त्याला. ह्यांचा हरला आणि प्रमोशनवर गेला.” आणि खिडकीबाहेर बघत समाधानानं मान हलवली. माझ्या कानाचा विषय तिथंच संपला.

एक गोष्ट मात्र मला विनोदानंही गिळता येत नाही. हे बेचाळीस लाखवाले साहेब सरकारी नोकर होते. राज्याची युनिव्हर्सिटी, राज्याचा पगार, आणि वॉशिंग्टन राज्यात सर्वाधिक पगार गव्हर्नरला नाही, फुटबॉलच्या कोचला. फुटबॉलचे पैसे टीव्हीतून आणि तिकिटांतून येतात, मान्य. देणगीदारांकडून येतात, तेही मान्य. पण माझ्या पोराच्या शाळेतल्या बँडला नवी पिपाणी घ्यायची तर आम्ही आईबाप दारोदार चॉकलेटं विकतो. गेल्या खेपेला कुणी घेतली नाहीत म्हणून उरलेली सगळी मीच खाल्ली. कुठल्याही देणगीदाराला कधी पिपाणीसाठी झोप उडाल्याचं मी ऐकलेलं नाही. असो.

पुढचे चार-पाच दिवस नानांनी टीव्हीवर जे बघितलं त्यानं त्यांची तब्येत सुधारली. रविवारी वॉशिंग्टननं ॲरिझोनाचे जेड फिश आणले. मंगळवारी ॲरिझोनानं सॅन होझे स्टेटचे ब्रेंट ब्रेनन उचलले. मग सॅन होझेला माणूस लागला. नाना वहीत रकाने आखून बसले: नाव, सध्याचं ठिकाण, बदलीचं ठिकाण, शेरा. सेबनच्या पुढं त्यांनी ‘नियत वयोमान’ लिहिलं, डिबोरच्या पुढं ‘विनंती बदली’. फिशच्या पुढं काय लिहावं यावर जेवताना चर्चा झाली. बायको म्हणाली ‘प्रशासकीय’. आणि परवा तर मिशिगनचा कोच जिम हार्बॉही चार्जर्स या व्यावसायिक टीमकडे गेला, म्हणजे जिंकलेलाही गेला. त्याच्या पुढं नानांनी नुसतं उद्गारचिन्ह काढलं.

फोटो मी काढून घेतला. तारीख मिळालेली होती, मार्चमध्ये पुण्याला जायचंय, पट्टा भरायची वाट बघत बसणं परवडणारं नव्हतं. समोरून काढलेल्या फोटोत एक कान दुसऱ्यापेक्षा जास्त उघडा पडलाय, आणि त्यामुळं तोंडावर एक प्रकारचा संशय आलाय. तोच चेहरा घेऊन मला दहा वर्षं इमिग्रेशनच्या रांगेत उभं राहायचंय. या केशकर्तनाचे पैसे मी पूर्ण दिले. स्क्रीनवर टिपचे आकडे आले तेव्हा सलूनवाला माझ्या मागं उभा होता आणि नानाही. वीस टक्के दाबले.

निघताना त्यानं नानांचा हात दोन्ही हातांत धरला. सप्टेंबरमध्ये सामन्याला या म्हणाला, तळ्याकाठचं स्टेडियम आहे, लोक बोटी घेऊन येतात, माझ्या शेजारची खुर्ची रिकामी असते. मग माझ्याकडे वळून, तूही ये, पार्किंग तेवढं बघ. नाना म्हणाले, मी तर मार्चात परत जाणार, सहा महिनेच मिळालेत. मला वाटलं, सुटलो.

त्या सलूनवाल्याची बायको मूळची फिलिपिन्सची, तिच्या आईसाठी त्यानं तीन वेळा कागद केलेत. मुक्काम वाढवायला आय-५३९ नावाचा फॉर्म असतो, ऑनलाइनही भरता येतो, हे त्यानं नानांना पावतीच्या मागं लिहून दिलं. नानांनी काल तो फॉर्म प्रिंट करून मागितला.