मसाल्यात काटकसर कशी करावी

आपली चाळीस वर्षांची इमारत पुनर्विकासाला निघाली असेल, तर सर्वप्रथम अभिनंदन आणि लगोलग एक इशारा: या कामात विटा-सिमेंटाचा खर्च विकासक करतो, परंतु बोलणी, लिखापढी आणि तपासणी यांचा खर्च सोसायटीच्या अंगावर येतो. रोनाल्ड कोझ या अर्थशास्त्रज्ञाने व्यवहाराच्या अशा खर्चाकडे १९३७ साली जगाचे लक्ष वेधले. आपल्याकडे मात्र चार आण्याच्या कोंबडीला बारा आण्याचा मसाला लागतो, हे ठाऊक असायला नोबेल लागत नाही. तेव्हा मसाल्यालाच कात्री लावावी.

पहिली कात्री वकिलाला. विशेष सर्वसाधारण सभा पार्किंगमध्ये भरवावी आणि घरामागे पाच हजार रुपये वर्गणीचा ठराव मांडावा. तळमजल्यावरचे काका खुर्ची मागे सरकवून उठतील आणि "अहो, बिल्डरचा वकील आहे ना, मग आपल्याला वेगळा कशाला?" असे विचारतील, त्यांच्यासाठी टाळ्या वाजवाव्यात. या पाच हजारांवर पावणेदोन तास आणि चौऱ्याण्णव पानी विकास करारनाम्यावर सहा मिनिटे चर्चा झाली, म्हणजे सभा सुरळीत पार पडली असे इतिवृत्तात लिहावे. करार ज्याच्याशी करायचा त्यानेच तो लिहिला, की मतभेदाला जागाच उरत नाही.

सहकार कायद्याच्या कलम ७९(अ) खाली ४ जुलै २०१९ रोजी निघालेल्या शासकीय सूचनांत प्रकल्प सल्लागार नेमा, व्यवहार्यता अहवाल घ्या, निविदा मागवा, सभेचे चित्रीकरण करा असा बराच पसारा आहे. त्यातली ५१ टक्के संमतीची अट तेवढी लक्षात ठेवावी, कारण तिला पैसे पडत नाहीत. बँक हमी मागून विकासकाचा अपमान करू नये. त्याचा शब्द घ्यावा, शब्दावर बँक कमिशन आकारत नाही. (विक्रीच्या सदनिका घेणाऱ्यांना महारेराचे, म्हणजे राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामकाचे, छत्र असते, मूळ सभासदांच्या वाट्याला ते सहसा येत नाही, पण घरच्या माणसांना छत्री कशाला?)

खरी बचत शब्दांत आहे. दुसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त ओव्हरसीअरने टेप घेऊन खोल्या मोजायला सुरुवात केली, भिंतीचा गिलावा धरायचा की सोडायचा असे तो विचारू लागला, तर त्याला चहा देऊन बसवावे आणि करारात 'अंदाजे ४८० चौरस फूट' असे लिहावे. 'अंदाजे' हा शब्द अतिशय स्वस्त आहे. त्याच्याच घराण्यातले 'चांगल्या प्रतीच्या फरशा', 'नामांकित कंपनीचे नळ' आणि 'शक्य तितक्या लवकर ताबा' हेही सढळ हाताने वापरावेत. बांधकाम होईपर्यंत विकासकाने द्यायचे पर्यायी घराचे भाडे कोणत्या तारखेला जमा होणार आणि थकले तर व्याज किती, असल्या ओळींनी कागद मात्र वाया जातो.

एवढे सांभाळले, की इमारत पाडेपर्यंतचा आपला खर्च जवळपास चहाबिस्किटांवर भागतो. पुढे भाडे थांबले आणि साइटवर फक्त वॉचमन उरला, तर लवादापुढे जाण्यासाठी वकील शोधावा लागेल. तेव्हा घरामागे किती, हे कोणी विचारणार नाही. सभेला पार्किंगही नसेल. पत्र्याच्या कुंपणाबाहेर, रस्त्यावर उभ्यानेच जमावे लागेल. काकांना मात्र आवर्जून बोलवावे आणि चहाचे पैसे ज्याचे त्याने द्यावेत.