बुलेटचा बुश आणि "जितका टाइट तितका टिकतो" वाला फॉरवर्ड

महिनाभरात एकच मेसेज मला चारपाच जणांनी पाठवलाय आणि प्रत्येकाने खाली लिहिलंय, भावा तुझ्या कामाचं आहे बघ. मेसेज थोडक्यात असा: जुन्या कास्ट आयर्न ३५० बुलेटचं इंजिन करताना बुश (पिन ज्यात फिरते ती धातूची नळी) पितळीच घ्या, ब्रॉन्झच्या नावाखाली लुटतात. बुश जितका टाइट तितका टिकतो. बिग एंडला (पिस्टन आणि क्रँक जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडचं खालचं टोक) फ्लोटिंग, म्हणजे मोकळा फिरणारा बुश कंपनीने पैसे वाचवायला टाकलाय, काढून रोलर बेअरिंग टाका. सिंटर्ड (धातूची पूड दाबून, भाजून केलेला) बुश आतून तेल सोडतो, त्याला तेलाचं भोक लागत नाही. आणि पॅकेटमधला बुश असेल तर रीमर (भोक कातून मापात आणायचं हत्यार) मारायची गरज नाही.

आता हे वाचून कुणीतरी खरंच इंजिन उघडून बसणार म्हणून लिहितोय.

पितळेचं आधी उरकतो. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त, फॉस्फर ब्रॉन्झ म्हणजे तांबं, साधारण १० टक्के कथील आणि चिमूटभर फॉस्फरस. गजन पिन (पिस्टन रॉडला जोडणारी) स्मॉल एंडमध्ये, म्हणजे रॉडच्या वरच्या टोकात, पूर्ण फिरत नाही, मागेपुढे डोलते, त्यात प्रत्येक पॉवर स्ट्रोकला वरून दणका. असल्या मारात साधं पितळ लवकर पसरतं आणि भोक अंडाकृती होतं. दिसायला पितळ पिवळंधमक, ब्रॉन्झ जरा तांबूस, पण पॉलिश केलेल्या बुशवर फसायला होतं, त्यामुळे मी बाजारातला चमचमता पीस घेण्यापेक्षा ओळखीच्या माणसाकडून फॉस्फर ब्रॉन्झचा बार आणून लेथवर बुश काढून घेतो. आमच्या कोल्हापुरात उद्यमनगर ही कारखान्यांची वस्ती आहे म्हणून हे सोपं जातं हे मान्य, पण लेथवाला टर्नर कुठल्याही तालुक्याला सापडतो.

आता टाइटचा मुद्दा, आणि इथे मी स्वतः पोळलोय. मेसेजने दोन वेगळी मापं एकत्र कालवलीत. बुश बाहेरून कनेक्टिंग रॉडमध्ये घट्ट हवा, हे खरं. पण आतून पिनला जागा हवी. बाहेरचं माप रॉडच्या भोकापेक्षा चारपाच शतांश मिलिमीटर मोठं ठेवून बुश दाबला की तो आत आकसतो, म्हणजे बाहेरून जेवढा टाइट केला त्यातला बराचसा भाग आतल्या भोकातून वजा होतो. पिन आधी सरसर जात होती ती दाबल्यावर अडकते, आणि बरेच जण यालाच मस्त फिटिंग समजतात.

दोन वर्षांपूर्वी मलाही असंच बसवून मिळालं होतं. टर्नर म्हणाला एकदम टाइट आहे साहेब, पिन हलकी ठोकून घाला, मी पण खूश. कागल ओलांडलं आणि गाडी जड व्हायला लागली, क्लच दाबून बाजूला घेतली तर किक जाईना. उघडून बघतो तर पिन निळी पडलेली, बुशचं ब्रॉन्झ पिनला चिकटलेलं, आणि बुश पिनला धरून रॉडमध्ये फिरलेला, त्यामुळे तेलाचं भोकही बंद.

असं का होतं त्याचं गणित साधं आहे. ब्रॉन्झ एका डिग्रीला मीटरमागे साधारण १८ मायक्रॉन फुगतं, स्टील १२. बाहेरून २२ मिलिमीटरचा बुश धरा आणि इंजिन १०० डिग्रीने तापलं असं धरा, तर बुशला रॉडपेक्षा ०.०१३ मिलिमीटर जास्त फुगायचंय, पण बाहेर जायला जागा नाही म्हणून तो बराचसा आत सरकतो. वर पिन पिस्टनमधली, ती रॉडपेक्षा जास्त तापते. थंडीत दोन शतांश जागा ठेवली असेल तर त्यातली निम्मी तरी इथेच गेली, आणि मुळात शून्य ठेवली असेल तर मग कागल. पिनला तेल लावल्यावर अंगठ्याने दाबून सरकायला हवी, हातोडी लागली की समजायचं काम अर्धवट आहे. याच्या उलट ॲल्युमिनियमच्या केसमध्ये (इंजिनच्या कवचात) बसणारे बुश. ॲल्युमिनियम २३ मायक्रॉन फुगतं, म्हणजे गरम झाल्यावर केसच बुशला सोडते, तिथे बाहेरून जास्त टाइट ठेवावं लागतं. म्हणून "जितका टाइट" असा एकच नियम सगळ्या बुशांना लावता येत नाही राव.

फ्लोटिंग बुशबद्दल तर मेसेज लिहिणाऱ्यावर मला जरा रागच आहे. हे डिझाइन रेडिचचं, इंग्लंडमधलं, आणि १९५५ ला मद्रासला एन्फिल्ड इंडिया सुरू झाली तेव्हा तेच इकडे आलं. क्रँकपिन (क्रँकवरची पिन, जिच्यावर रॉडचं खालचं टोक बसतं) आणि रॉडच्या मध्ये बुश दोन्हीकडून मोकळा असतो, पिनपेक्षा कमी वेगाने फिरतो, आत एक तेलाचा पडदा आणि बाहेर एक. एकाच जागी होणारं घासणं दोन जागी वाटलं जातं. ९० मिलिमीटर स्ट्रोकच्या संथ इंजिनला हे छान चालतं, फक्त तेल स्वच्छ आणि वेळेवर मिळालं पाहिजे. टायमिंग कव्हरमध्ये एक पंप तेल पाठवतो, दुसरा परत ओढतो, वाटेत फेल्टचा फिल्टर. तो फिल्टर वर्षानुवर्षं न बदलता, थंड इंजिन किक मारल्या मारल्या रेझ करून बिग एंड वाजायला लागला की दोष बुशला. रोलर कमी तेलात जास्त तग धरतो हे खरं आहे, आणि ज्यांना गाडी पळवायचीच आहे त्यांनी जरूर टाकावा. पण त्याला क्रँक सुटा करून कडक पिन टाकायची, जोडून डायल गेजवर ट्रू, म्हणजे एका रेषेत करायचा, आणि हे करणारा माणूस कच्चा असेल तर चांगल्या क्रँकची वाट लागते. पंप आणि फिल्टर बघायच्या आधीच हा खर्च करू नका.

सिंटर्डचं तीन ओळीत. त्यात साधारण पाचवा हिस्सा छिद्रं असतात आणि त्यात तेल मुरवलेलं असतं, डायनॅमो किंवा स्टार्टरसारख्या हलक्या कामाला उत्तम. स्मॉल एंडच्या दणक्यात ते नको, आणि वरून रीमर मारला तर छिद्रंच लिंपली जातात. घन ब्रॉन्झच्या बुशला रॉडच्या भोकासमोर भोक पाडा आणि आतली बर (भोकाच्या कडेला राहिलेली धार) काढा, हे विसरणारे रोज भेटतात.

राहिलं पॅकेट. बुश बनवणाऱ्याला तुमच्या रॉडचं भोक किती झिजलंय ते कसं कळणार? दाबल्यावर तो किती आकसेल हे त्या भोकावरच अवलंबून आहे, म्हणून पॅकेट कितीही भारी असलं तरी माप दाबल्यानंतरच येतं. आणि हाताने रीमर मारताना तो वाकडा गेला तर पिस्टन एका बाजूने घासतो, म्हणून पायलटवाला (सरळ धरणाऱ्या दांड्याचा) रीमर किंवा मशीनवर होन (दगडाने घासून माप आणणं), आणि शेवटी दोन्ही भोकांत लांब बार घालून दोन टोकांना अंतर सारखं येतंय का बघायचं. दाबण्याआधी रॉड कोमट करा, बुश रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा (आईने मटारच्या पिशवीत सापडला म्हणून घरात जे झालं ते वेगळं), आणि नट, बोल्ट, वॉशर लावून ओढून घ्या, हातोडी नको. जुनी पिन नखाने चाचपून पायरी लागली तर तीही बदला, नाहीतर झिजलेल्या पिनच्या मापाचा बुश होतो. मी आता टर्नरकडे रॉड, नवी पिन आणि बुश एकत्रच नेतो आणि पिन त्याच्यासमोर अंगठ्याने ढकलून बघितल्याशिवाय पैसे देत नाही.